सहलीचे पॉइंट आणि परठिकाणी त्यांचे मोल

प्रवास आणि पर्यटन ही आता केवळ सधन वर्गाची हौस राहिलेली नाही. शिक्षक, शासकीय कर्मचारी, बागायतदार शेतकरी, छोटे व्यापारी असे समाजातील अनेक घटक वर्षातून एकदा तरी कुटुंबासह सहलीला जाऊ लागले आहेत. ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. तथापि, या वाढत्या हौसेबरोबर काही नवे आर्थिक व्यवहारही घरोघरी येऊन पोहोचले आहेत. ‘आज एकदाच पैसे भरा आणि पुढील २५ वर्षे दरवर्षी सहलीचा आनंद घ्या’, अशा आशयाचे निमंत्रण अनेकांना येत असते. या व्यवहारास टाइमशेअर म्हणतात आणि त्यात मिळणाऱ्या हक्काचे मोजमाप बहुधा पॉइंटमध्ये केले जाते. आपण विकत घेतलेले पॉइंट दुसऱ्या ठिकाणी वापरावयाचे झाल्यास त्यांचे मोल तितकेच राहते काय, हा प्रश्न मात्र पैसे भरण्यापूर्वी फारच थोडे लोक विचारतात. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कल्पना कोठून आली?

एकाच निवासाचा वापर अनेकांनी पाळीपाळीने करावा, ही कल्पना युरोपात १९६० नंतरच्या दशकात रुजली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ साली स्थापन झाली आणि तिने सभासदांना पॉइंट देण्याची पद्धत अवलंबिली. पुढे अमेरिकेत १९७४ साली आर. सी. आय. आणि १९७६ साली इंटरव्हल इंटरनॅशनल या संस्था निघाल्या. एका रिसॉर्टमधील आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधील आठवडा घेण्याची सोय करणे, हे त्यांचे मुख्य काम होते. भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी १९८६ साली आणि महिंद्र हॉलिडेज ही कंपनी १९९६ साली या क्षेत्रात आली.

या व्यवहाराचे वर्णन करताना ‘मालकी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. आपल्याकडील बहुतेक योजनांत सभासदाला जमिनीची वा इमारतीची मालकी मिळत नाही. सातबारा उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्याचे नाव लागत नाही. त्याला मिळतो तो ठराविक वर्षांसाठी, ठराविक नियमांनुसार राहण्याचा हक्क. म्हणजेच पॉइंट ही मालमत्ता नसून ती एक पाळी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

सावडीचे गणित

आपल्या खेड्यांतील सावडीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पॉइंटची अदलाबदल समजण्यास अडचण पडणार नाही. एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी दुसऱ्यास द्यावी आणि गरज पडेल तेव्हा त्याची घ्यावी, असा हा व्यवहार. दिवसास दिवस असा हिशेब वरवर सरळ दिसतो. परंतु मृगाचा पाऊस पडून वाफसा आलेला असताना मिळालेला बैलजोडीचा एक दिवस आणि माघ महिन्यातील एक दिवस यांचे मोल सारखे नसते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. गावातील सावड परस्परांच्या ओळखीवर चालते. टाइमशेअरमध्ये ओळखीची जागा नियमपुस्तिकेने घेतलेली असते आणि ती पुस्तिका कंपनीने लिहिलेली असते.

हंगामानुसार मोल बदलते, म्हणून कंपन्या वर्षाची विभागणी करतात. महिंद्र हॉलिडेजच्या २५ वर्षांच्या सभासदत्वात जांभळा, तांबडा, पांढरा व निळा असे चार हंगाम ठरविलेले आढळतात. चढ्या हंगामाच्या सभासदाला उतरत्या हंगामात जाता येते. उलट दिशेने तसे सहसा जाता येत नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणाचा हंगाम निराळा असतो. महाबळेश्वरला मे महिन्यात गर्दी लोटते, तर धार जिल्ह्यातील मांडूचे सौंदर्य पावसाळ्यात खुलते. त्यामुळे केवळ पॉइंटची संख्या सांगितल्याने काहीच उलगडा होत नाही. कोठे, केव्हा आणि किती मोठ्या खोलीसाठी, हे तीन प्रश्न सुटल्यावरच त्यांचे मोल ठरते.

आनंद नगरचे एक उदाहरण

भोपाळ येथे रायसेन मार्गावर, भेलच्या वसाहतीजवळ आनंद नगर ही वस्ती आहे. नोकरीव्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेली मराठी कुटुंबे भोपाळमध्ये पुष्कळ आहेत. अशाच एका निवृत्त शिक्षकाचे कुटुंब आनंद नगरमध्ये राहते अशी कल्पना करू. कुटुंब व पुढील आकडे काल्पनिक असून ते केवळ हिशेबाची रीत समजावी यासाठी घेतले आहेत.

या शिक्षकाने ४,००,००० रुपये भरून २५ वर्षांचे सभासदत्व घेतले. त्यापोटी दरवर्षी ७,००० पॉइंट मिळतात आणि ते गोव्यातील रिसॉर्टमध्ये ७ रात्री राहण्यास पुरतात. देखभालीसाठी वार्षिक शुल्क २०,००० रुपये आहे. मूळ रक्कम २५ वर्षांत विभागली तर दर वर्षाला १६,००० रुपये येतात. त्यात शुल्क मिळविले की वर्षाचा खर्च ३६,००० रुपये होतो. यास ७,००० ने भागल्यास एक पॉइंट या कुटुंबाला सुमारे ५ रुपये १४ पैशांना पडतो.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. गोव्यातील तशाच खोलीचे बाजारभाडे रात्रीला ६,००० रुपये असेल, तर ७ रात्रींचे ४२,००० रुपये होतात. म्हणजे स्वतःच्या रिसॉर्टमध्ये वापरल्यास एका पॉइंटचे मोल ६ रुपये भरते. व्यवहार थोडासा फायद्याचा दिसतो.

पुढील वर्षी हे कुटुंब जुलै महिन्यात दुसऱ्या संस्थेच्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे ठरविते. अदलाबदलीत ७,००० पॉइंटच्या मोबदल्यात ५ रात्री मिळतात आणि अदलाबदलीचे शुल्क १०,००० रुपये भरावे लागते. तेथील भाडे त्या दिवसांत रात्रीला ५,००० रुपये आहे. पाच रात्रींचे २५,००० रुपये, त्यातून शुल्क वजा जाता उरले १५,००० रुपये. एका पॉइंटचे मोल झाले सुमारे २ रुपये १४ पैसे. रोख पैसे देऊन खोली घेतली असती तर २५,००० रुपयांत काम भागले असते आणि पॉइंट गोव्यासाठी शिल्लक राहिले असते.

तिसऱ्या वर्षी तेच कुटुंब मे महिन्यात मनालीसारख्या ठिकाणी जाते. तेथेही ५ रात्री आणि १०,००० रुपये शुल्क. परंतु भाडे रात्रीला ११,००० रुपये. पाच रात्रींचे ५५,००० रुपये, त्यातून शुल्क वजा जाता ४५,००० रुपये. आता एका पॉइंटचे मोल सुमारे ६ रुपये ४३ पैसे झाले. पॉइंट तेच, शुल्क तेच. ठिकाण व महिना बदलताच मोल तिपटीने वाढले.

यावरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. परठिकाणी पॉइंटचे मोल आपोआप टिकत नाही. जेथे भाडे चढे आहे आणि तरीही अदलाबदलीत खोली मिळते, तेथेच ते टिकते. जेथे भाडे उतरलेले आहे, तेथे पॉइंट खर्च करणे म्हणजे पेरणीच्या दिवसातील बैलजोडी देऊन माघातील घेण्यासारखे आहे. सभासदांनी स्वस्त ठिकाणी पैसे द्यावेत आणि महाग ठिकाणी पॉइंट द्यावेत. अडचण इतकीच की, महाग ठिकाणी महाग दिवसांत सर्वांचाच ओढा असतो. यास्तव आरक्षण खुले होताच मागणी नोंदविणे अगत्याचे ठरते. अदलाबदलीसाठी आपला आठवडा जमा करावयाचा असल्यास तोही जितका लवकर जमा करावा तितके चांगले; मुदत जवळ येत जाते तसा त्याचा उठाव कमी होतो.

या हिशेबात दोन गोष्टी अद्याप धरलेल्या नाहीत. पहिली गोष्ट व्याजाची. ४,००,००० रुपये ७ टक्के दराने ठेवीत ठेवले असते, तर पहिल्या वर्षी २८,००० रुपये व्याज मिळाले असते. म्हणजे प्रत्येक पॉइंटवर आणखी ४ रुपयांचा भार पडतो आणि गोव्याचा वा मनालीचा फायदा पार नाहीसा होतो. दुसरी गोष्ट वार्षिक शुल्काची. ते दरसाल ६ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १२ वर्षांत दुप्पट होते. खोल्यांची भाडीही काळानुसार वाढतात हे खरे. परंतु एखाद्या वर्षी आजारपणामुळे वा अन्य कारणाने सहल झाली नाही, तरी शुल्क चुकत नाही. न वापरलेले पॉइंट किती काळ पुढे नेता येतात हेही नियमपुस्तिकाच ठरविते.

सहल म्हणजे ठेव नव्हे

सहलीचा हक्क हा गुंतवणुकीचा प्रकार म्हणून कोणी विकू लागल्यास विशेष सावध राहिले पाहिजे. या संदर्भात मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या कंपनीचे प्रकरण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या कंपनीच्या योजनांत लोक हॉटेलातील खोल्यांच्या रात्री विकत घेत. त्या न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल, असे त्यांना सांगितले जाई. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, ही नोंदणीविना चालविलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरविले आणि २०१६ साली रक्कम परत करण्याचा आदेश दिला. त्या वेळी ही रक्कम सुमारे ७,०३५ कोटी रुपये होती आणि गुंतवणूकदारांची संख्या ५१ लाखांहून अधिक होती. आदेश झाला तरी पैसे हाती येण्यासाठी या गुंतवणूकदारांना पुढे अनेक वर्षे खेटे घालावे लागले. ज्या सहलीतून पैसे परत येतील असे सांगितले जाते, ती सहल नसून ठेव आहे. आणि ठेव स्वीकारण्याची परवानगी कोणी दिली, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

कायद्याचा आधार

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला करार रद्द करण्यासाठी १४ दिवस मिळतात आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेता येत नाही. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्यांच्या नियमांत करार रद्द करण्यासाठी अल्प मुदत दिलेली असते. ती किती दिवसांची आहे, हे सही करण्यापूर्वीच पाहावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र सर्वांना उपलब्ध आहे. हा कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. त्यातील काही तरतुदी विशेष उपयोगी आहेत. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईस वा चेन्नईस असले तरी आनंद नगरच्या रहिवाशाला भोपाळमध्येच दाद मागता येईल. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि तो ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केली पाहिजे. करारात लवादाचे कलम असले म्हणून ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

सही करण्यापूर्वी

सभासदत्वाची विक्री बहुधा एखाद्या हॉटेलातील मेळाव्यात होते. भेटवस्तू, चहापान आणि ‘ही सवलत फक्त आजच’ असा आग्रह, हा तिचा नेहमीचा थाट. अशा वेळी पुढील बाबी लेखी मागाव्यात:

१. वार्षिक शुल्क किती, त्यावर कर किती आणि मागील पाच वर्षांत ते कसे वाढले?

२. एकाच ठिकाणी, एकाच खोलीसाठी लागणारे पॉइंट कंपनीला पुढे वाढविता येतात काय?

३. अदलाबदल कोणत्या संस्थेमार्फत होते आणि तिचे सभासद शुल्क व प्रत्येक वेळचे शुल्क किती?

४. मे महिना, दिवाळी व नाताळ या काळात आरक्षण किती दिवस आधी खुले होते?

५. सभासदत्व सोडावयाचे, विकावयाचे वा वारसाच्या नावे करावयाचे झाल्यास नियम कोणते?

विक्रेत्याचे तोंडी आश्वासन करारात नसेल, तर ते दिलेच नाही असे समजावे. शिक्षकांनी वर्गात व्यवहारी गणित शिकविताना वर दिलेले उदाहरण अवश्य सोडवून घ्यावे. बाजारभाड्याचा अंदाज घेण्यासाठी महाराष्ट्र वा मध्य प्रदेशच्या पर्यटन महामंडळांच्या निवासांचे जाहीर दर हा एक चांगला मापदंड आहे. ग्रामसेवक, तलाठी आदी कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेत या विषयाची माहिती दिल्यास अनेक कुटुंबांची पुंजी वाचू शकेल.

सहल जरूर करावी; ती मनाला उभारी देते आणि मुलांना देश दाखविते. मात्र २५ वर्षांच्या सहलींचा सौदा एका संध्याकाळी करू नये. करार घरी आणावा, कागद-पेन्सिल घेऊन आपला पॉइंट आपल्याला कितीला पडतो आणि आपण जेथे जाऊ इच्छितो तेथे त्याचे किती मिळतात, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडावेत आणि मगच निर्णय घ्यावा.