अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि आईच्या छातीची ऊब



ऊस पक्व होण्याआधी तोडला तर उतारा बसत नाही, हे आपणांस कुणी सांगायला नको. आईच्या पोटातलं बाळ दिवस भरायच्या आत बाहेर आलं तर त्याचंही असंच काहीसं होतं. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. तुटलेला ऊस पुन्हा भरत नाही. बाळ मात्र बाहेर आल्यावरही भरतं, वाढतं, शाळेत जातं. त्यासाठी त्याला काय लागतं यावर डॉक्टरांनी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ संशोधन केलं आहे. त्यातून निघालेली एक अत्यंत मोलाची गोष्ट पैसे देऊन विकत आणावी लागत नाही. म्हणून ती प्रत्येक सभासदाच्या घरात माहीत असायला हवी.

अपुऱ्या दिवसांचं म्हणजे काय?

गरोदरपणाचा काळ साधारण ४० आठवड्यांचा. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. सन २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यांतली सुमारे ३० लाख आपल्या भारतातली होती.

अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते. त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते आणि बाळ गार पडतं. फुफ्फुसं कच्ची असतात, त्यामुळे श्वासाला त्रास होतो. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधीचं बाळ अंगावर नीट पिऊ शकत नाही. आईच्या रक्तातून शेवटच्या महिन्यांत मिळणारी रोगाशी लढण्याची ताकदही त्याला अर्धीच मिळालेली असते.

आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे खरं नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं आणि त्याची जगण्याची आशाही जास्त असते. तेव्हा 'आठव्यातलं आहे, आता काय उपयोग' असं म्हणून कुणी हातपाय गाळू नयेत.

पेट्या कमी पडल्या तेव्हा

अशा बाळाला उबेसाठी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात, हे आपण पाहिलं असेल. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथे बोगोटा शहरातल्या एका मोठ्या सरकारी प्रसूती रुग्णालयात १९७८ साली अशा पेट्या फार कमी होत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा रोग दुसऱ्याला लागे आणि बाळं दगावत. तिथले डॉ. एडगर रेय यांनी वेगळाच विचार केला. कांगारू हा प्राणी आपलं इवलंसं पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवून वाढवतो. मग आईनंच बाळाला उघड्या छातीशी धरलं तर? पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी हे काम नेटानं चालवलं. यालाच आज 'कांगारू पद्धत' म्हणतात.

सुरुवातीला पुष्कळांना हा गरिबाघरचा नाइलाज वाटला. पण पुढे ही पद्धत तोलून पाहिली गेली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २ किलोहून कमी वजनाच्या २०६ बाळांवर अभ्यास झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांचं वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमच्या आसपास वाढलं, नेहमीच्या पद्धतीनं ठेवलेल्यांचं १६ ग्रॅमच्या आसपास.

हरियाणातल्या खेड्यांत घरी असलेल्या ८,४०२ कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. ज्या घरांत आयांना ही पद्धत शिकवली, तिथे पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू सुमारे पावपट कमी झाले.

सर्वांत मोठा पुरावा २०२१ साली मिळाला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं अभ्यासात घेतली. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. निम्म्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच आईच्या छातीशी दिलं. उरलेल्यांना आधी पेटीत ठेवून, तब्येत स्थिर झाल्यावर दिलं. पहिल्या गटात २८ दिवसांत शंभरातली १२ दगावली, दुसऱ्यात जवळजवळ १६. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. एका गटाला हा लाभ न देणं योग्य नव्हतं.

त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून दिवसातले ८ ते २४ तास छातीशी ठेवावं. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही अशा अत्यवस्थ बाळाची गोष्ट मात्र वेगळी.

कसं करायचं?

बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे घालावेत. आईनं पाठीला टेकू घेऊन थोडं रेलून बसावं. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती लावून ठेवावं. मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ स्वच्छ कापडानं बांधून घ्यावं आणि पांघरूण घ्यावं. एका वेळी निदान तासभर तरी ठेवावं. आई थकली तर बाळाचे वडील किंवा आजी यांनीही धरावं. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते, यात लाजण्यासारखं काही नाही. बाळ अंगाशी असताना चुलीजवळ मात्र जाऊ नये. वजन अडीच किलोच्या घरात गेलं, की बाळच हातपाय झाडून 'आता सोडा' म्हणतं.

दूध आईचंच द्यावं. पहिला पिवळा, घट्ट चीक टाकून देऊ नये. बाळाची ती पहिली लस समजा. बाळाला ओढता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्यानं, नर्सबाईंनी दाखवल्याप्रमाणे द्यावं. मध, गूळपाणी, गुटी काही देऊ नये. रोजची आंघोळ, जोराचं मालीश, शेकशेगडी आणि धुरी ही कामं अशा बाळाला घातक आहेत. सासूबाईंनी एवढं मनावर घ्यावं.

बाळ गार पडलं का, हे हातानं कळतं. पोट आणि तळपाय दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट ऊबदार पण तळपाय गार, तर लगेच छातीशी घ्यावं. दोन्ही गार, किंवा बाळ दूध घेईना, मलूल पडलं, कण्हू लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग निळं किंवा तळपायापर्यंत पिवळं दिसलं, तर छातीशी धरूनच ताबडतोब दवाखान्यात न्यावं. ही पद्धत दवाखान्याच्या ऐवजी नव्हे, दवाखान्याच्या जोडीला आहे.

आणखी दोन गोष्टी

न्यूझीलंडमध्ये डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स गाभण मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. पोटात असतानाच स्टेरॉईड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मलं; ते जगायला नको होतं, तरी श्वास घेत होतं. त्यावरून त्यांनी आणि डॉ. रॉस हॉवी यांनी वेळेआधी कळा येणाऱ्या बायकांना हे इंजेक्शन देऊन पाहिलं आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. बाळाच्या फुफ्फुसांना त्यानं बळ येतं. पण हे इंजेक्शन बाळंतपणाआधी द्यावं लागतं. म्हणून दिवस भरायच्या आत कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. बाळ वरून चांगलं दिसलं तरी आतला पडदा बिघडून कायमचं अंधत्व येऊ शकतं. वेळेत कळलं तर उपचार आहेत.

फडावरची जबाबदारी

गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो. आपल्या फडात आलेल्या टोळीत दिवस गेलेल्या बाया असतात. पालाच्या कोपीत जन्मलेलं दीड-दोन किलोचं बाळ एका रात्रीच्या गारठ्यात जाऊ शकतं. तेव्हा शेतमालक म्हणून आपण मुकादमाला बजावावं, की गरोदर बाईच्या डोक्यावर मोळी देऊ नको. तिचं नाव गावच्या आशाताईंकडे नोंदवावं. रात्री-अपरात्री गाडी लागली तर द्यावी. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, नवजात बाळावरचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय २०११ पासून मोफत आहे, हे तिला सांगावं. परगावची बाई ते विचारायला धजत नाही.

आपल्या घरचं बाळ असो की कोपीतलं, त्याला लागणारी ऊब सारखीच. ती आईजवळ आहे. तिला बाळ छातीशी धरून निवांत बसता यावं, एवढी सवड आणि आधार मात्र आपण द्यायचा आहे.