सालीकडे तोंड, मुळाकडे दांडा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे रस्त्यांची गाठ पडते. तिथून काठे गल्लीत शिरलात की माझं दुकान. दारं, खिडक्या, देव्हारे हा रोजचा धंदा. मधूनच पंचवटीकडचे एखादे गुरुजी यज्ञपात्रं करून मागतात. त्यात फार पैसा नाही, पण ते काम मी कारागिराच्या हाती देत नाही.

या कामात टेप बाजूला ठेवायची. माप यजमानाच्या अंगाचं. कात्यायन श्रौतसूत्रात लाकडंसुद्धा नेमून दिली आहेत: स्रुवा खैराचा, जुहू पळसाची, तिच्या जोडीची उपभृत पिंपळाची. स्रुवा म्हणजे तूप उचलायची छोटी पळी. लांबी एक अरत्नी, म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत. वाटी अंगठ्याच्या पेराएवढी. आहुती द्यायची जुहू मात्र अख्ख्या हाताएवढी लांब, खोबण तळहाताएवढी आणि पुढे हंसाच्या चोचीसारखी पन्हळ.

खरी गंमत पुढच्या नियमात आहे. खोबणीचं तोंड झाडाच्या सालीकडे हवं आणि दांडा मुळाच्या बाजूचा. म्हणजे ओंडक्याला करवत लावण्याआधीच बुंधा कुठला आणि शेंडा कुठला, हे खडूने लिहून ठेवायचं. एकदा रंधा फिरला की भलेभले फसतात. ज्यानं हा नियम घातला त्यानं लाकूड झाड म्हणून पाहिलेलं होतं, फळी म्हणून नाही. गाभा तेवढा टाळायचा. तो राहिला की वाळताना चीर पडलीच म्हणून समजा. पळस हलका, लवकर कोरला जातो. खैर पटाशीची धार खातो, शिवाय तो तोडायला वनखात्याची परवानगी लागते.

हातात धरायच्या अशा मानाच्या वस्तू इतरत्रही होत्या; चिनी पंडितांकडे एक दंड असे. त्याचं नाव रुयी. बाकदार दांडा आणि टोकाला ढगाच्या किंवा लिंगझी नावाच्या भूछत्राच्या आकाराचा माथा. लाकूड, बांबू, जेड, कशाचाही करत. छिंग राजवटीत तो वाढदिवसाला, सणावाराला बादशहाला नजर केला जाई. जेड पटाशीला दाद देत नाही, कठीण वाळूची ओली पूड घासून ते झिजवावं लागतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेलं चिनी जेडकाम आहे. काचेपुढे उभं राहिलं की त्या कारागिराच्या चिकाटीला हात जोडावेसे वाटतात.

आपल्याकडे मात्र शे-दोनशे वर्षांपूर्वीची जुहू अशी काचेमागे सहसा दिसायची नाही. अग्निहोत्री गेला की त्याची पात्रं त्याच्याबरोबर चितेवर ठेवायची. आश्वलायन गृह्यसूत्रात जागाही सांगितल्या आहेत: उजव्या हातात जुहू, डाव्यात उपभृत, छातीवर ध्रुवा ही तिसरी पळी, नाकपुड्यांवर स्रुवे. दगडाचा पाटा-वरवंटा आणि तांब्या-लोखंडाच्या वस्तू मुलानं ठेवून घ्यायच्या, लाकूड जळून जायचं. मला हे पटतं. ज्याच्या हाताच्या मापानं केली, ती दुसऱ्याच्या हाताला बसणार कशी? त्यामुळे प्रत्येक पिढीत सुताराला काम मिळत राहिलं, हेही खरं!

नमुने पाहायचे असतील तर पुण्यात वैदिक संशोधन मंडळाने यज्ञपात्रांचा संग्रह केला आहे. संस्था १९२८ सालची. करून घ्यायची असतील तर एवढं करा: यजमानांना सोबत घेऊन या, मोबाइलवर माप पाठवू नका.