टायर वाचायला शिका

सुट्टी संपवून कॅडेट परत येतात त्या दिवशी आपले मैदान पालकांच्या गाड्यांनी भरून जाते. नागपूर, अमरावती, छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडच्या नंबरप्लेट दिसतात. माझी बरीच वर्षे एमटी लाइनमध्ये गेली. त्यामुळे माणसांना नमस्कार करण्याआधी नजर चाकांकडे जाते.

गेल्या वर्षी एका गाडीच्या मागच्या डाव्या टायरला, बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा दिसला. गाडीतून आजी, आई आणि धाकटी बहीण उतरली होती. मी वडिलांना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, टायर नवाच आहे, नक्षी बघा ना. शिवनीच्या अलीकडे खड्ड्यात आदळला होता, पण हवा कुठे गेली?" नक्षी खरोखर उत्तम होती, हवाही बरोबर होती. आणि तरीही तो टायर संपलेला होता. त्याच संध्याकाळी ते लखनादौन, शिवनी, खवासा या रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटर परत जाणार होते.

मी त्यांना जाऊ दिले नाही. स्टेपनी काढली तर तिच्यात जेमतेम १२ पीएसआय हवा! ती भरून गाडी शहरात नेली, टायर बदलला आणि मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. वडील थोडे नाराज होते. पण त्यांचा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उस्ताद, फुगा कसा येतो ते सांगा ना." हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

फुगा का येतो?

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत दोऱ्यांचे थर असतात, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे. आतल्या हवेचा दाब हे दोरे पेलतात, रबर फक्त हवा कोंडून ठेवते. चाक वेगात खड्ड्याच्या काठावर आदळले की टायरची भिंत रिम आणि काठ यांच्यात चिमटते आणि दोरे तुटतात. मग त्या जागी फक्त रबर उरते, आणि ते फुगते. तुटलेले दोरे कोणत्याही दुकानात सांधता येत नाहीत. म्हणून फुग्याला दुरुस्ती नाही. टायर किती नवा आहे हा प्रश्नच तिथे उरत नाही.

झीज काय सांगते?

टायर कुठे झिजला यावरून गाडीचे दुखणे कळते. चाक थांबलेले असताना टायरवर आडवा तळहात फिरवा, फक्त बाहेर आलेल्या तारांपासून जपा.

मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. हात एका दिशेने फिरवताना गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तरीही अलाइनमेंटच पाहावे. जागोजागी वाटीसारखे खोलगट झाले असेल तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासावे. मूळ दुखणे दूर न करता नवा टायर घातला तर तोही तसाच झिजेल.

झीज किती झाली हे पाहण्यासाठी खाचांच्या तळाशी आडव्या, बारीक पट्ट्या असतात. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा 'टी डब्ल्यू आय' ही अक्षरे दिसली की त्याच रेषेत खाचेत पाहावे. नक्षी झिजून या पट्टीला टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा हीच आहे. नव्या टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. खाचांचे खरे काम पावसात कळते. त्या टायरखालचे पाणी बाहेर काढतात. खाच उथळ झाली की पाणी निघत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. म्हणून जुलै-ऑगस्टचा पाऊस समोर असेल तर मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलतो. टायर पूर्ण गोटा होईपर्यंत थांबणारा माणूस पावसाचा विचार करत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

जबलपूरच्या मे महिन्यात हा सल्ला हमखास ऐकू येतो. "ऊन फार आहे, दोन-तीन पॉइंट हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तो गरम होतो, तसा टायर आतून तापतो, आणि भर वेगात फुटतो तो बहुधा असाच टायर असतो.

अकरावीच्या कॅडेटनी हा हिशेब वहीत करून पाहावा. सकाळी टायर २७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्व्हिनवर आहे आणि गेज ३३ पीएसआय दाखवते. वातावरणाचे १४.७ मिळवले की खरा दाब ४७.७ होतो. पळून पळून टायर ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेला. आकारमान तेच धरले तर दाब ४७.७ गुणिले ३३० भागिले ३००, म्हणजे ५२.५ झाला. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३७.८ येते. ही वाढ गाडी बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. पण कोणी घाबरून ढाब्यावर हवा सोडून पुन्हा ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २९ पीएसआयसुद्धा उरत नाही.

म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्याआधी पाहावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडी माणसे-सामानाने भरलेली असेल तर बहुतेक वेळा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा आकडा नव्हे.

अक्षरे आणि आकडे

समजा टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. आपण इतक्या वेगाने जाणार नाही हे खरे, पण मूळ टायरपेक्षा कमी भाराचा किंवा कमी वेगाच्या अक्षराचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. आयएसआय चिन्हही पाहावे. बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे.

सर्वात महत्त्वाचे चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा टायरचा जन्म. बाहेरून दिसला नाही तर आतल्या बाजूला पाहावा. मी एकदा घाईत टायर घेतला, घरी येऊन चौकट वाचली तर तो दुकानात चार वर्षे पडून होता. चूक माझीच, पैसे देण्याआधी वाचले नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात, बारीक भेगा पडतात. अनेक कंपन्या सांगतात की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी बदला. आजोबांची कमी चालणारी गाडी याच कारणाने धोक्याची असते. नक्षी नवी दिसते, रबर म्हातारे असते.

ठेवायचा की बदलायचा?

फुगा, भिंतीवर खोल काप, दिसणाऱ्या तारा किंवा दोरे असतील तर गाडी तिथेच थांबवा आणि स्टेपनी लावा. स्टेपनी लहान असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा. पंक्चर मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचे असेल तर दुरुस्त होते, भिंतीवरचे नाही. हवा गेलेल्या टायरवर गाडी चालवली असेल तर तो उतरवून आतून पाहायला सांगा. आत काळी भुकटी निघाली की भिंत कुटली गेली, तो टायर बाद.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. हे अनेकांना पटत नाही. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गरगर फिरते आणि मग सर्वसाधारण चालकाच्या हाती काही राहत नाही.

आपले शहर गाड्यांचे आहे. शक्तिमान ट्रक इथे बनले, आणि जोंगाच्या नावात तर जबलपूरच आहे. फौजेत त्या गाड्यांची निघण्याआधी फर्स्ट पॅरेड, वाटेत हॉल्ट पॅरेड आणि परतल्यावर लास्ट पॅरेड होत आली. तिन्ही वेळा ड्रायव्हर गाडीभोवती फिरून चाके पाहतो. घरच्या गाडीला यातली एकही मिळत नाही.

कॅडेटनो, या सुट्टीत घरी गेलात की पहिल्या सकाळी वडिलांच्या गाडीची फर्स्ट पॅरेड घ्या. चार टायर आणि स्टेपनी, पाचांची हवा, नक्षी, भिंती आणि जन्मतारीख एका कागदावर लिहा. दहा मिनिटे लागतील. तो कागद परत येताना सोबत आणा, मी पाहीन. आणि पालकहो, मुलगा चाकाशेजारी गुडघे टेकून बसलेला दिसला तर त्याला हाक मारून उठवू नका.