ताइतात काय लिहाल?

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळांतून विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते आणि घरोघरी पुठ्ठे, डिंक, जुन्या बॅटऱ्या यांची शोधाशोध. तुमच्याकडेही हेच ना? आमच्या महाडच्या शाळेत यंदा नववीच्या मुलामुलींनी ठरवलंय, आजारी माणसाची माहिती त्याच्या अंगावरच राहील असं काहीतरी करायचं. नावही दिलंय, ‘आरोग्य-ताईत’. मी तिथं अर्धवेळ मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नव्हे. पण ‘बाई, थोडक्यात कसं लिहायचं ते सांगा,’ म्हणत मुलं माझ्याकडे आली, आणि मीही त्यात गुंतले.

या मुलखात अशा ताइताचं काम किती आहे, ते आपणा बायकांना सांगायला नको. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांतून कर्ती माणसं मुंबईला, घरी म्हातारी जोडपी. रात्री कुणाला घाम सुटला, छातीत कळ आली, तर शेजारी जीपमध्ये घालून पोलादपूरला आणतात, तिथून महाडला, कधी त्याहून पुढे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ शेजाऱ्याचं उत्तर, ‘पांढरी, लहानशी.’ ज्या सुनेला खरं ठाऊक असतं ती असते घाटकोपरला. आणि घरात फाईल असली तरी काय! २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या कित्येक घरांतली कागदपत्रं चिखलात गेली.

नीट ठेवलेल्या नोंदीची किंमत महाडला तशी जुनीच ठाऊक आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच भागात विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईनं नोंदी ठेवल्या. त्यांतूनच रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषबाधेत जीव वाचवतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अंगावर माहिती बाळगण्याची कल्पनाही एका घरातूनच आली, बरं का. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला, लिंडाला, १९५३ साली बोट कापल्यावर धनुर्वाताच्या प्रतिविषाची (अँटिटॉक्सिनची) नुसती चाचणी करताना मरणाच्या दारात जावं लागलं. मग तिला एकटीला कुठं पाठवताना आईवडील हाताला कागदाची पट्टी बांधत. पुढं सोनाराकडून चांदीचं कडं घडवून घेतलं आणि १९५६ मध्ये इतरांसाठी मेडिकअलर्ट ही संस्था काढली.

आमच्या मुलांना मात्र सुरुवातीला ठोके मोजणारं घड्याळच हवं होतं. ते चार्ज कोण करणार? पावसात वीज दोन-दोन दिवस नसते. मग क्यूआर कोडवर गाडी आली. मुंबईत २०२३ साली हरवलेला एक बारा वर्षांचा मुलगा गळ्यातल्या लॉकेटवरच्या अशाच कोडमुळे घरी पोचला होता. पण मुंबईत रेंज असते. आमच्या घाटात मोबाईल हातात धरून उंचवटा शोधावा लागतो. म्हणून नेटवरचा पत्ता देण्याऐवजी माहितीची अक्षरंच कोडमध्ये भरायची, असं ठरलं. ती नेट नसतानाही वाचता येतात.

फोन जवळ नेताच माहिती दाखवणारी एनएफसी चकतीही मुलांनी पाहिली. तिच्या साध्या प्रकारात जागा जेमतेम १४४ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या अक्षराला तीन, आणि काना-मात्रेला पुन्हा वेगळे तीन! ‘पेनिसिलिन चालत नाही’ एवढ्यालाच ५३ बाइट गेले. मराठीच्या तासाला शिकवून जमलं नव्हतं ते या चकतीनं केलं. मुलं शब्द वाचवायला शिकली.

आता खरा प्रश्न, लिहायचं काय? सगळ्यांनी आधी लिहिला रक्तगट. पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय गट पुन्हा तपासतंच, तेव्हा जागा कमी असेल तर तो मागे राहू द्या. आधी लिहा कोणतं औषध चालत नाही, इन्सुलिन चालू आहे का, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, दमा किंवा फिट आहे का, आणि फोन उचलणाऱ्या दोघांचे नंबर. गोळीचं नाव पाकिटावरून उतरवून घ्या, मिलिग्रॅमसकट. खाली तारीख हवीच. मात्रा बदलली की जुनी माहिती घातक.

इथं एका आईनं मला बाजूला घेतलं. ‘बाई, पोरीला फिट येते हे गळ्यात अडकवून गावभर दाखवायचं? उद्या लग्न कोण करील?’ तिला काय सांगणार? आकडी आलेल्या मुलीच्या नाकाशी चप्पल-कांदा धरणारे अजून आहेत. कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, एवढं ताइतावर असलं तर पोर सुखरूप राहील. पण आईची भीतीही खोटी नाही. क्यूआर तर कोणीही फोननं वाचू शकतो. शेवटी मुलींनीच तोड काढली. बाहेर फक्त ‘आत पाहा’ आणि फोन नंबर. आत फिरकीच्या झाकणाखाली घडी केलेली चिठ्ठी. शिसपेन्सिलीनं लिहिलेली, कारण ती शाईसारखी पाण्यानं पसरत नाही. ज्यांना लपवायचं नाही त्यांनी कोड बाहेर लावावा. मला हे पटलं.

खर्चाचं म्हणाल, तर सहावीपासूनच्या मुलांच्या निवडक कल्पनांना केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेतून १०,००० रुपये मिळतात. नाव शाळेमार्फत जातं. तुमच्या मुलांच्या शाळेत जरूर विचारा.

आता परीक्षा बाकी आहे. नमुना रिक्षावाल्याला, मेडिकलवाल्याला आणि दवाखान्यातल्या सिस्टरांना द्यायचा आणि माहिती सापडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. डबी स्टीलचीच घेणार, पितळ घामानं हिरवं पडतं. वाद राहिलाय तो दोऱ्याचा. मुलांना जाड काळा गोफ हवाय. मी म्हणते, ओढला की तुटेल असाच हवा. आकडीत किंवा झोपेत गळ्याला फास बसायला नको.