चिकटवलेली गोधडी: सामान कुठून, कसं आणि आजीचं लुगडं कापावं का?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना लावलेलं पाल्हाळ जरा छाटलंय, सगळं नाही.

आजचा विषय आहे फ्यूज करून केलेली आर्ट क्विल्ट. म्हणजे कापडाचे आकार कापायचे, त्यांच्या पाठीला उष्णतेने वितळणारा गोंद लावायचा, खालच्या कापडावर मांडायचे आणि इस्त्री फिरवायची. चित्र तयार. मग त्यावरून हाताने किंवा मशीनने टाके घालायचे. ही अंगावर घ्यायची नाही, भिंतीवर लावायची. गोंदामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडत बसावं लागत नाही. केळीच्या पानाची फाटकी किनारसुद्धा कात्रीने जशीच्या तशी काढता येते. अमेरिकेत लॉरा वासिलोव्स्की आणि त्यांच्या सोबतिणींनी या पद्धतीला 'शिकागो स्कूल ऑफ फ्यूजिंग' असं गमतीचं नाव देऊन ती लोकप्रिय केली.

आपल्याकडे गोधडी आहेच. पण फरक मोठा आहे. गोधडी जुनी झाली की उसवता येते, आतला थर काढून दुसरीत घालता येतो. गोंद एकदा कापडात मुरला की संपलं, अनडू नाही. म्हणून सामान नीट गोळा करणं हेच यातलं खरं काम.

सुरुवात गोंदापासून, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडला शिलाईच्या सामानाच्या दुकानात जाऊन 'फ्यूजिंग द्या' म्हणालात, तर दुकानदार तुम्हाला कॉलरला लावायचं बकरम किंवा पेस्टिंग काढून देईल. त्याची चूक नाही, शिंपी लोक त्यालाच फ्यूजिंग म्हणतात. पण त्याला गोंद एकाच बाजूला असतो. ते कॉलर कडक करेल, दोन कापडं एकमेकांना जोडणार नाही. ओळखायला सोपं आहे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. एका बाजूला बारीक ठिपके चमकतात, दुसरी बाजू साधं कापड. आपल्याला हवी ती वस्तू कापड नसतेच. ती नुसती गोंदाची पातळ जाळी किंवा पापुद्रा असते, पाठीला सोलून काढायचा कागद लावलेला. इंग्रजीत तिला फ्यूजिबल वेब म्हणतात. ही मात्र ऑनलाइनच मागवा. हीट एन बॉन्ड घेणार असाल तर 'लाइट' घ्या, 'अल्ट्राहोल्ड' नको. अल्ट्राहोल्ड न शिवता वापरायचा प्रकार आहे, त्यातून सुई नेली की सुईला चिकटा धरतो.

दुकानात पँटची खालची पट्टी चिकटवायची अरुंद टेप मिळते. तिला दोन्ही बाजूंनी गोंद असतो, पण कागद नसतो. छोट्या आकारांना, सरावाला चालते. तेव्हा खाली-वर केकच्या साच्यात घालतात तो सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर ठेवा. स्टेशनरीतला बटर पेपर वेगळा, तो चिकटू शकतो, आणि मग इस्त्री घासत बसा.

आता कापड. नियम एकच, शक्यतो शुद्ध सुती. गंमत बघा, आपण कपाशीच्या मुलखात राहतो, पण बाजारात सुरतचा सिंथेटिक माल भरलेला. सुरत-भुसावळ रेल्वे थेट जळगावात येते म्हटल्यावर दुसरं काय होणार? सिंथेटिक कापड गोंद वितळायच्या उष्णतेला आकसतं, चुरगळतं, जास्त तापलं तर स्वतःच वितळतं. लेबलवर विश्वास ठेवू नका, धागा जाळून बघा. दोन-चार धागे चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि चिमटीत चुरडणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा, टणक मणी होतो. हे मोरीत करा, आणि मणी गार व्हायच्या आधी हात लावू नका.

एकरंगी कापडासाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. ब्लाउजचं टू बाय टू, भिंतभर शेड. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुहेरी पिळाचे. त्यामुळे वीण घट्ट आणि कापड सपाट. ज्वारीच्या कणसासाठी चार पिवळे, भरिताच्या वांग्यासाठी तीन हिरवे हवे असतील तर इथेच मिळतील. फक्त पॉली आहे की कॉटन ते विचारून घ्या. ओटीत आलेले ब्लाउज पीस घरोघरी पडून असतात, त्यातले बरेच मिश्र धाग्याचे निघतात. ते जाळून बघितल्याशिवाय वापरू नका. छापील तुकड्यांसाठी ओळखीच्या शिंपीकाकांकडे पिशवी ठेवून या. कातरण त्यांना टाकायचंच असतं.

आणलेलं कापड आधी धुवा. नव्या कापडाला खळ असते, तिच्यावर गोंद नीट धरत नाही. शिवाय सुती कापड आटतं. नंतर आटलं तर वरचं चित्र सुरकुतणार. धुताना सॉफ्टनर नको, तोही गोंदाच्या आड येतो.

बाकीचं पटकन. मागच्या बाजूला धुतलेलं मांजरपाट. मध्ये जुनी सुती चादर किंवा फ्लॅनेल. पिंजलेला कापूस गादीला उत्तम, पण इथे टाके लांब पडले की तो गोळा होतो. पॉलिस्टरची फुगीर शीट इस्त्रीखाली चपटी होते. मशीनला चौदा नंबरची सुई. कात्री धारदार, आणि घरच्यांनी तिने दुधाची पिशवी कापू नये असा बंदोबस्त.

वेबच्या कागदावर चित्र काढाल तेव्हा ते उलटं काढा. आंब्याला फरक पडत नाही, पण 'जळगाव' अशी अक्षरं असतील तर पडतो.

आता आजीचं लुगडं. अनेकांना हे काम त्यासाठीच करायचं असतं, आजी गेल्यावर कपाटात राहिलेल्या नऊवारीसाठी. माझं मत स्पष्ट आहे. लुगडं पूर्ण उलगडून फोटो काढा, काठ-पदर बाजूला ठेवा आणि विरलेल्या, फाटलेल्या भागातूनच आकार कापा. धड भाग गोधडीसाठी ठेवा, तिथे टाका उसवता येतो. विरलेलं कापड इतकं पातळ असतं की त्यातून गोंद वर झिरपून डाग दिसू शकतो. इथे ते एका बाजूच्या गोंदाचं पेस्टिंग कामाला येतं. त्यातला सगळ्यात हलका, मऊ प्रकार घ्या, आधी तो लुगड्याच्या पाठीला लावा आणि मग त्यावर वेब. पण आधी दोन बोटांएवढ्या तुकड्यावर करून बघा, गार होऊ द्या, कोपरा ओढून बघा. थेट प्रॉडक्शनवर कोड टाकत नाही ना आपण? आत्या-काकूंनाही आधी विचारा. लुगडं तुमच्या कपाटात असलं तरी आजी त्यांचीही होती.

उरलेली वेब सपाट गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको. आपल्याकडचा मे माहिना गोंद वितळवणार नाही, त्याला त्याहून खूप जास्त उष्णता लागते. पण कोरड्या उन्हाळ्यात पडून राहिली की जाळी कागदापासून सुटते, आणि सुटलेल्या जाळीवर चित्र काढता येत नाही.

पुढच्या भागात इस्त्री: वाफ कधी बंद, किती सेकंद, आणि लाईट गेली तर काय. भेटू.