वजन घटलं, पण मन का खचतंय? बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतरच्या नैराश्याबद्दल फारसं का बोललं जात नाही?

डावीकडे ११८ किलोचा फोटो, उजवीकडे ७४ किलोचा. खाली 'नवा जन्म' असं कॅप्शन आणि शेकडो लाइक्स. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे असे 'आधी आणि नंतर'चे फोटो सोशल मीडियावर सतत दिसतात. पण आणखी दीड-दोन वर्षांनी याच माणसाला सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, तर ते कुठल्याच फोटोत येत नाही. घरच्यांच्याही लक्षात येत नाही. कारण 'एवढं वजन कमी झालं, आता आणखी काय हवं?' असंच सगळ्यांना वाटत असतं.

भारतात ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्यावर ती झाली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. ठरावीक अटी पूर्ण होत असतील, तर आता आरोग्य विम्यातूनही तिचा खर्च मिळू शकतो. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांवर तिचा काय परिणाम होतो, हे डॉक्टर सांगतात. मनावर काय परिणाम होतो, हे मात्र बऱ्याचदा मागे राहतं.

या शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

मुख्यतः दोन प्रकार चालतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या बाजूला एक छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे माणूस कमी खातो, लवकर पोट भरतं आणि भुकेशी संबंधित हार्मोन्सही बदलतात.

म्हणजे बदल होतो तो पोटात आणि आतड्यात. ताण आला की खायचं, एकटं वाटलं की खायचं, ही अनेक वर्षांची सवय मात्र जागेवरच राहते.

नैराश्य सर्जरीमुळे येतं की आधीपासूनच असतं?

अनेकांमध्ये ते आधीच असतं. २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्या किंवा केलेल्या लोकांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना नैराश्य होतं, तर सुमारे १७ टक्के लोकांना ताबा सुटून भरमसाट खाण्याचा आजार होता. म्हणजे साधारण पाचातला एक जण नैराश्य सोबत घेऊनच ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचतो.

यात नवल नाही. शाळेत 'जाड्या' म्हणून चिडवलं जाणं, लग्नाच्या बोलण्यांत वजनावरून नकार येणं, बसमध्ये शेजारी बसायला लोकांनी टाळणं, हे सगळं वर्षानुवर्षं साचलेलं असतं. त्यातच सर्जरीच्या आधी बऱ्याच ठिकाणी काही दिवस पातळ आहारावर ठेवतात. भूक, भीती आणि खर्चाची चिंता एकत्र आली की चिडचिड वाढते.

नैराश्य आहे म्हणून सर्जरी करताच येत नाही, असं मात्र नाही. त्यावर उपचार सुरू असतील आणि ते आटोक्यात असेल, तर अनेकांची सर्जरी नीट पार पडते. धोका असतो तो लपवलेल्या नैराश्याचा. 'सांगितलं तर डॉक्टर नकार देतील' या भीतीने अनेक जण गप्प बसतात आणि पुढे मदतीचा रस्ताही त्यांच्यासाठी अवघड होतो.

पहिलं वर्ष छान का जातं?

पहिल्या काही आठवड्यांत रडू येणं, चिडणं, 'उगाच केलं' असं वाटणं, हे बऱ्याच जणांना होतं. अंगात ताकद नसते, खाणं चमच्याने मोजून असतं. पण नंतर वजन भराभर उतरायला लागतं. जुने कपडे सैल होतात, जिने चढताना दम लागत नाही, ओळखीचे लोक थांबून कौतुक करतात. नैराश्याची लक्षणंही बहुतेकांमध्ये कमी होतात. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या 'लॅब्स' या दीर्घकालीन अभ्यासातही पहिल्या वर्षी ही सुधारणा दिसली. पुढच्या दोन वर्षांत मात्र ती थोडी ओसरताना आढळली.

मग दुसऱ्या वर्षी काय बिघडतं?

साधारण दीड-दोन वर्षांनी वजन उतरणं थांबतं. काहींचं थोडं परत वाढतं. वजन थोडं परत येणं अपेक्षितच असतं, पण रुग्णाला ते स्वतःचं अपयश वाटतं. कौतुक करणारे तोवर आपापल्या कामाला लागलेले असतात. आणि मग आधी दबलेल्या गोष्टी वर येतात.

पहिली गोष्ट म्हणजे जेवणाचा आधार जातो. आपल्याकडे सण, लग्न, डोहाळजेवण, काहीही असो, माणसं एकत्र येतात ती ताटाभोवती. पंगतीत दोन घासांत पोट भरलं की आग्रह करणाऱ्यांना काय सांगायचं? बायपास झालेल्यांनी पुरणपोळी किंवा जिलेबी जास्त खाल्ली, तर छातीत धडधड, घाम, चक्कर असा त्रास होऊ शकतो. ज्या गोष्टीने आयुष्यभर दिलासा दिला तीच हातातून जाते आणि तिच्या जागी दुसरं काही आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट आरशाची. वजन झपाट्याने कमी झालं की पोट, दंड, मांड्यांवरची त्वचा लोंबते. कपड्यांत छान दिसणाऱ्या माणसाला कपडे बदलताना स्वतःकडे बघवत नाही.

तिसरी गोष्ट नात्यांची. आजवर मागे राहणारी व्यक्ती आता बोलू लागते, नकार देऊ लागते. घरच्यांना तो बदल झेपतोच असं नाही. स्वीडनमधल्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात सर्जरी केलेल्यांमध्ये नवी नाती जुळण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि आधीची नाती तुटण्याचंही.

कारण शरीरातही असू शकतं

उदासी दिसली की ती मनाचीच असेल असं धरून चालत नाही. सर्जरीनंतर शरीर काही जीवनसत्त्वं आणि लोह पूर्वीइतकं शोषून घेत नाही. बी-१२ कमी झालं तर थकवा, विसरभोळेपणा, उदास वाटणं सुरू होऊ शकतं. शाकाहारी लोकांमध्ये ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. सतत उलट्या होत असतील तर बी-१ झपाट्याने घटून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे अशा वेळी लगेच रुग्णालय गाठायला हवं.

नैराश्याच्या गोळ्यांचंही तसंच. पोटाची रचना बदलल्यावर काही औषधं रक्तात कमी पोहोचतात. आधी लागू पडणारी गोळी आता पुरेशी पडत नाही आणि रुग्णाला वाटतं, आजारच वाढला. याउलट लिथियमसारख्या औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद न करता मानसोपचारतज्ज्ञ आणि सर्जन या दोघांनाही एकमेकांच्या उपचारांची माहिती द्यावी लागते.

दारूचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बायपासनंतर ती वेगाने चढते. 'लॅब्स' अभ्यासात सर्जरीआधीच्या वर्षी ७.६ टक्के लोकांना दारूची समस्या होती. सर्जरीनंतर पहिल्या वर्षी ते प्रमाण वाढलं नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्क्यांवर गेलं. इथेही घसरण दुसऱ्या वर्षातच दिसते.

धोका किती मोठा?

२००७ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांमध्ये एकूण मृत्यूंचं प्रमाण सर्जरी न केलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होतं. अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त होते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांचा सर्जरीआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं असा अभ्यास झाला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण सर्जरीनंतर सुमारे दीडपट झालं. तरी अशा रुग्णांची संख्या १११ होती, म्हणजे शंभरात साधारण एक. आणि अशा ९३ टक्के घटना मानसिक आजार आधीपासून असलेल्यांच्या बाबतीत घडल्या होत्या.

म्हणजे बहुतेकांना सर्जरीचा फायदाच होतो. पण कोणावर जास्त लक्ष ठेवायला हवं, हे आधीच कळू शकतं.

मग करायचं काय?

सर्जरीआधी मानसिक तपासणी टाळू नये आणि त्यात काही लपवू नये. नंतरचा फॉलोअप वजनाच्या काट्यापुरता न ठेवता झोप, मूड, दारू यांबद्दलही विचारायला हवं आणि तो किमान तीन वर्षं तरी सुटू नये. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, रक्ताच्या तपासण्याही ठरलेल्या वेळी कराव्या लागतात.

घरच्यांनी 'किती किलो झालं?' यासोबत 'कसं वाटतंय?' हेही विचारावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप बिघडणं, कशातच रस न वाटणं, लोकांना टाळणं दिसलं, तर डॉक्टरांकडे जायला हवं. जगणं नकोसं वाटत असल्याचं कोणी बोललं, तर ते हसण्यावारी न नेता त्या व्यक्तीला एकटं सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकाच्या हेल्पलाइनवर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

पुढच्या वेळी असा 'आधी आणि नंतर'चा फोटो दिसला तर लाइक जरूर करा. पण तो फोटो ओळखीच्या माणसाचा असेल, तर दोन वर्षांनी त्याला एक फोनही करा.