‘पंप गेलाय’ म्हणण्याआधी गेज लावलं का? गाडीची फ्युएल सिस्टीम तपासायला कोणतं उपकरण घ्यावं, समजून घ्या

घाटात गाडी दम टाकते. सकाळी सेल्फ मारून मारून हात दुखतो, तेव्हा कुठे ती चालू होते. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं, “पंप गेलाय, बदलावा लागेल.” पंप बदलला जातो, बिल भरलं जातं आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा दम टाकते.

असं होतं, कारण अनेकदा तपासणी न करताच पार्ट बदलला जातो. बाजारात काहीशे रुपयांच्या डोंगलपासून लाखाच्या घरातल्या स्कॅनरपर्यंत सगळं मिळतं. पण कोणतं उपकरण काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, हे कळलं तर पैसे वाचतात.

स्कॅनर काय सांगतो?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. तो ओबीडी पोर्ट. बीएस-६ च्या सगळ्या गाड्यांमध्ये आणि बीएस-४ च्या बहुतेक गाड्यांमध्ये तो सापडतो. स्कॅनर तिथे लावला की गाडीच्या ईसीयूने नोंदवून ठेवलेले कोड दिसतात.

समजा, ‘पी-०१७१’ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. पंप खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. फिल्टर चोक झालेला असू शकतो, इंजेक्टरमध्ये कचरा असू शकतो किंवा एखाद्या फाटक्या पाइपमधून जादा हवा आत जात असेल. कोड म्हणजे रोग्याचा ताप. ताप कशामुळे आला, ते शोधणं बाकीच असतं.

म्हणूनच स्कॅनर घेताना ‘लाइव्ह डेटा’ दिसतो का, हे आधी बघावं. त्यातला ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा सर्वात कामाचा. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो सांगतो. साधारणपणे प्लस-मायनस १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नसते.

आयडलिंगला ट्रिम खूप प्लस आणि रेस वाढवली की नॉर्मल, असं दिसलं तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. उलट लोडवर, चढावर ट्रिम वाढत जात असेल तर इंधनाचा पुरवठा कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोल जळायला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलोच्या आसपास. त्यामुळे ई-२० पेट्रोल भरल्यावर इंजिनाला तेवढ्याच हवेत थोडं जास्त इंधन लागतं. जुन्या गाडीत ट्रिम थोडा प्लस दिसला, तर तो बिघाडच असेल असं नाही.

गेज कशासाठी?

पेट्रोलच्या बहुतेक साध्या एमपीएफआय गाड्यांमध्ये इंधनाचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. मग स्कॅनर ते दाखवणार कुठून? तिथे फ्युएल प्रेशर गेज लागतं.

अशा गाड्यांत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा थोडं जास्त. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. ० ते १० बारचं गेज या कामाला पुरतं. मात्र आपल्या गाडीच्या पाइपला बसणारे अडॅप्टर किटमध्ये आहेत का आणि होजपाइप इथेनॉलला टिकणारा आहे का, हे विचारून घ्यावं.

प्रेशर आयडलिंगला बरोबर आणि लोडवर पडत असेल, तर पंप किंवा फिल्टर. इंजिन बंद केल्यावर प्रेशर लगेच उतरत असेल, तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. सकाळी उशिरा स्टार्ट होणाऱ्या गाडीचं दुखणं पुष्कळदा इथेच सापडतं.

प्रेशर कमी आलं तरी पंप बदलण्याआधी साध्या मल्टिमीटरने पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज तपासावं. तिथे करंटच नीट पोचत नसेल, तर दोष रिले, वायरिंग किंवा अर्थिंगचा. नवा पंपही तसाच रडेल.

डिझेलला हे गेज चालणार नाही

कॉमन रेल डिझेलमध्ये प्रेशर १,६०० ते २,००० बार किंवा त्याहूनही वर जातं. तिथे पेट्रोलचं गेज लावायचा विचारही करू नये. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचं नट ढिलं करू नये आणि गळती बोटाने चाचपू नये. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

डिझेलमध्ये रेल प्रेशर सेन्सर असतो. त्यामुळे ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्षात मिळालेलं प्रेशर स्कॅनरवर शेजारी शेजारी दिसतं. जोडीला बाटल्यांचं रिटर्न टेस्ट किट लागतं. ज्या इंजेक्टरच्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमतं, तो झिजलेला.

मग घ्यायचं काय?

गाडीमालकाला लाइव्ह डेटा दाखवणारा ब्लूटूथ डोंगल पुरतो. मात्र स्वस्त नकली डोंगल अर्धवट माहिती देतात किंवा मध्येच तुटतात, म्हणून परत करता येईल असाच घ्यावा.

छोट्या गॅरेजसाठी भारतीय मॉडेल्स वाचणारा, अपडेट मिळणारा आणि पंप-इंजेक्टर स्वतः चालवून बघता येईल असा स्कॅनर, एक चांगलं गेज, मल्टिमीटर आणि डिझेलची कामं येत असतील तर रिटर्न किट, एवढ्यात बरंच भागतं. महागड्या स्कॅनरसाठी कर्ज काढून गेजवर पैसे वाचवणं, हा उलटा हिशेब आहे.

आणि गाडी सीएनजीची असेल, तर पहिली तपासणी फुकटात होते. पेट्रोलवर धक्के बसतात आणि सीएनजीवर गाडी सुरळीत चालते, तर पेट्रोलची लाइन तपासा. दोन्हीवर धक्के बसत असतील, तर आधी प्लग, कॉइल आणि हवेचा मार्ग बघा.

पुढच्या वेळी कुणी पंप बदलायला सांगितलं, तर एवढंच विचारा, “प्रेशर किती आलं? आणि कनेक्टरवर व्होल्टेज किती होतं?” दोन आकडे मिळाले तर खर्चाला हो म्हणायला हरकत नाही.